अपस्माराचें स्थान : हृदय, मस्तक व अर्बुद

१. प्रयोजन

अपस्मार या रोगाचें नांव आपल्या जुन्या वाङ्मयांत दोन निराळ्या ठिकाणीं आढळतें. एक वैद्यकाच्या संहितांत व दुसरें धर्मशास्त्राच्या ग्रंथांत. वैद्य त्याकडे रोग म्हणून पाहतो, स्मृतिकार कुळाचें वैगुण्य म्हणून पाहतो. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत विवाहसंबंधास वर्ज्य अशीं दहा कुळें सांगितलीं आहेत. त्यांत क्षय, श्वित्र व कुष्ठ यांच्याबरोबर अपस्माराचें कुळ गणिलें असून, गाई, मेंढ्या, धन व धान्य यांनीं तें कितीही समृद्ध असलें तरी टाळावें, अशी आज्ञा आहे.

ही आज्ञा पोथींतच राहिली असती तर तिचा विचार धर्मशास्त्राच्या अभ्यासकांवर सोपवून आम्ही स्वस्थ बसलों असतों. परंतु १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांत १९७६ सालीं जी दुरुस्ती झाली तींत वारंवार येणारा अपस्मार हा विवाहास बाधक म्हणून घालण्यांत आला, व तो शब्द १९९९ सालच्या दुरुस्तीनें काढून टाकण्यांत आला. अपस्मारी मनुष्याशीं विवाह करूं नये हा मनूच्या काळचा निर्बंध अशा रीतीनें विसाव्या शतकाच्या अखेरीस तेवीस वर्षें राज्याच्या कायद्यांतही नांदला. कायदा पालटला, समजूत मात्र अद्यापि पुरती पालटलेली नाहीं.

आमचें वास्तव्य छत्रपति संभाजीनगराच्या पश्चिमेस, वाळूजच्या औद्योगिक वसाहतींतील बजाजनगर येथें आहे. १९८५ सालीं वाळूज येथें बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, आणि त्याच्या व इतर कारखान्यांच्या आश्रयानें गांवोगांवचीं कुटुंबें येथें येऊन राहिलीं. यंत्रापाशीं उभें राहून काम करणाऱ्या व दुचाकीवरून पाळीस जाणाऱ्या मनुष्यास एकदां फेफरें आलें म्हणजे त्याची नोकरी व त्याच्या बहिणीचें लग्न हीं दोन्ही एकाच दिवशीं अडचणींत येतात. घरच्यांचा पहिला प्रश्न असतो तो "हें कोणाच्या कुळांतून आलें ?" हा. वैद्यकानें गेल्या दीडशें वर्षांत शिकविलेला प्रश्न "हें मेंदूच्या कोणत्या जागीं उठलें ?" असा आहे. पहिल्या प्रश्नापासून दुसऱ्यापर्यंतचा मार्ग कसा आक्रमिला गेला, आणि मेंदूंतील अर्बुदाच्या संबंधानें या दुसऱ्या प्रश्नास आज काय उत्तर मिळतें, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

२. संहितांचें मत

अपस्मार म्हणजे स्मृतीचा अपगम, स्मृति निघून जाणें. लोकभाषेंत त्यासच फेफरें, घुरें किंवा मिरगी म्हणतात. चरकानें या रोगाचा विचार निदानस्थानाच्या आठव्या व चिकित्सास्थानाच्या दहाव्या अध्यायांत केला आहे. सुश्रुतानें तो उत्तरतंत्राच्या एकसष्टाव्या अध्यायांत सांगितला, आणि त्या अध्यायाच्या दोन्ही बाजूंचे शेजारी ध्यानांत घेण्यासारखे आहेत : अलीकडे अमानुष उपसर्ग म्हणजे ग्रहबाधा, पलीकडे उन्माद. वाग्भटाच्या अष्टांगहृदयांतही भूतविद्या, उन्माद व अपस्मार हे अध्याय लागोपाठच येतात. तथापि या तिन्ही आचार्यांनीं अपस्माराचें मुख्य कारण दोष मानिलें असून वातज, पित्तज, कफज व सान्निपातिक असे त्याचे चार प्रकार केले आहेत.

रोगाचें अधिष्ठान कोणतें, या प्रश्नास त्यांचें उत्तर हृदय हें आहे. चिंता, शोक, भय इत्यादिकांनीं चित्त दुर्बळ झालें म्हणजे दोष हृदयांत व संज्ञा वाहणाऱ्या स्रोतसांत शिरतात आणि मनुष्य अंधारांत बुडतो, असा त्यांचा सिद्धांत. मस्तकाचें महत्त्व त्यांस ठाऊक नव्हतें असें मात्र नव्हे. चरक मस्तकास उत्तमांग म्हणतो, सर्व इंद्रियें तेथें आश्रय करून आहेत असें सांगतो, आणि हृदय व बस्ति यांच्याबरोबर त्याची गणना तीन श्रेष्ठ मर्मांत करितो. परंतु चेतनेचें घर हृदय ठरल्यामुळें अपस्मार मस्तकाच्या अमुक भागांत उठतो असें म्हणण्यास त्या शास्त्रांत जागा उरली नाहीं.

हें मत आमच्या प्रांतांत किती दृढमूल होतें हें सांगण्यास फार दूर जावयास नको. बजाजनगराहून देवगिरीचा दुर्ग जवळच आहे. तेराव्या शतकांत तेथील यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्रि यानें अष्टांगहृदयावर आयुर्वेदरसायन ही टीका लिहिली. त्याचा आश्रित बोपदेव हा केशव वैद्याचा पुत्र. बापाच्या सिद्धमंत्रावर त्यानें प्रकाश नांवाची टीका केली व शतश्लोकी हा वैद्यकाचा ग्रंथ रचिला. याच हेमाद्रीनें चतुर्वर्गचिंतामणि हा धर्मशास्त्राचा महाग्रंथही सिद्ध केला. वैद्यक व धर्मशास्त्र हीं दोन्ही एकाच मंत्र्याच्या लेखनशाळेंत शेजारीं शेजारीं नांदत होतीं. अपस्मार हा वैद्यानें तपासावयाचा रोग आणि सोयरिकीस टाळावयाचा दोष, हे दोन विचार एकाच घरांत एकमेकांस धक्का न लावितां कसे राहूं शकले, हें यावरून समजतें.

संहितांतील निरीक्षण मात्र सूक्ष्म आहे. झटक्याच्या आरंभीं रोग्यास काय दिसतें, हें चरक दोषपरत्वें सांगतो : वातजांत काळसर व तांबूस रूपें, पित्तजांत पिवळीं व रक्तवर्ण, कफजांत पांढरीं. कफज अपस्मारांतून रोगी उशिरा सावध होतो, असेंही तो नोंदितो. पूर्वरूपांमध्यें त्यानें अशब्दश्रवण, म्हणजे नसलेला शब्द ऐकूं येणें, हें एक लक्षण दिलें आहे. आजचा मज्जावैद्यही रोग्यास प्रथम हेंच विचारितो : "झटका येण्यापूर्वीं काय दिसलें ? काय ऐकूं आलें ?" प्रश्न तोच, पण चरक उत्तरावरून दोष ठरवितो, आणि आजचा वैद्य स्थान ठरवितो. येवढ्या साम्यावरून आधुनिक ज्ञान प्राचीनांस अवगत होतें असें म्हणणें हा इतिहास नव्हे, अभिमान होय. निरीक्षण त्यांचें, अनुमान पुढच्यांचें, असा विवेक ठेवणें उचित.

३. भेळाचें मत व तंजावरची पोथी

हृदयपक्षाला एक अपवाद आहे, व तो पोथ्यांच्या संग्राहकांनीं विशेषेंकरून मनांत ठेवावा असा आहे. आत्रेयाच्या शिष्यांपैकीं भेळ यानें आपल्या संहितेंत उन्मादाच्या प्रकरणीं असें प्रतिपादन केलें आहे कीं, सर्व इंद्रियांहून श्रेष्ठ असें मन हें मस्तक व टाळू यांच्या मधल्या भागीं राहतें. चित्ताचें स्थान तो हृदय हेंच ठेवितो; परंतु मनास मस्तकांत नेणारा हा आचार्य इतरांहून निराळा उठून दिसतो.

ही भेळसंहिता आज ज्या आधारावर उभी आहे तो आधार म्हणजे तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयांतील एक खंडित पोथी. नायकांच्या काळीं सुरू झालेल्या या संग्रहाची अभिवृद्धि तंजावरच्या भोसले राजांनीं केली, व दुसऱ्या सरफोजी राजांनीं (राज्यकाल १७९८ ते १८३२) त्यास वैभवास चढविलें. बर्नेल यानें १८८० सालीं या संग्रहाची सूचि छापली. कलकत्ता विश्वविद्यालयानें १९२१ सालीं भेळसंहिता मुद्रित केली. मध्य आशियांत तुर्फानाकडे तिचें एक सुटें पान सांपडलें आहे, तेवढें सोडल्यास बाकी सर्व भिस्त या एका पोथीवर. ती पोथी वाळवीच्या मुखीं पडती तर मनास मस्तकांत स्थान देणारें हें मत समूळ नाहींसें होतें, आणि हिंदु वैद्यकास मस्तकपक्ष ठाऊकच नव्हता असें आम्ही आज निःशंकपणें लिहिलें असतें.

याच सरफोजी राजांच्या धन्वंतरि महालांत नेत्ररोग्यांचीं वृत्तें रंगीत चित्रांसह लिहून ठेवीत असत. औषधाच्या पाठाबरोबर रोग्याचें वृत्तही टिपून ठेवावें, ही दृष्टि मराठी राजवाड्यांत एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तृतीयांशांत होती. पुढें अपस्माराचें कोडें सुटलें तें अशाच वृत्तलेखनानें. मात्र तें युरोपांत.

४. स्थाननिश्चयाचा आरंभ

ग्रीक वैद्य हिप्पोक्रातिस याच्या संप्रदायांत ख्रिस्तपूर्व सुमारें ४०० च्या वेळीं लिहिलेल्या एका निबंधांत, लोक ज्यास दैवी म्हणतात तो हा रोग इतर रोगांहून अधिक दैवी नाहीं, व त्याचें कारण मेंदूंत आहे, असें स्वच्छ सांगितलें आहे. तोच निबंध रोग आनुवंशिक आहे असेंही म्हणतो. म्हणजे स्थान मस्तकांत नेऊनही कुळाचा डाग पुसला गेला नाहीं. पुढें गालेन यानें एका मुलाची हकीगत लिहून ठेविली आहे : त्याचा झटका पायापासून सुरू होऊन वर मस्तकाकडे चढे. या पूर्वसूचनेस ग्रीकांनीं वाऱ्याची झुळूक या अर्थाचा शब्द योजिला. आमच्या वैद्यांनींही याच रोगांत वायूस अग्रस्थान द्यावें, हें साम्य कौतुकास्पद आहे.

मेंदूच्या आंत कोणती जागा, हा प्रश्न मात्र एकोणिसाव्या शतकापर्यंत अनुत्तरित राहिला. लंडनचे जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनीं १८६० नंतरच्या दशकांत अशा रोग्यांची बारकाईनें नोंद केली कीं ज्यांचा झटका अंगठ्यापासून, तोंडाच्या कोपऱ्यापासून किंवा पायाच्या अंगठ्यापासून सुरू होई, आणि ठराविक क्रमानें हात, मुख, पाय असा पसरे. या क्रमावरून त्यांनीं अनुमान केलें कीं मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराच्या अवयवांच्या जागा अशाच क्रमानें मांडलेल्या असल्या पाहिजेत. १८७० सालीं जर्मनींत फ्रिच व हिट्झिग यांनीं कुत्र्याच्या मेंदूच्या पृष्ठभागीं विजेचा सौम्य प्रवाह लावून विरुद्ध बाजूचे अवयव हलविले, तेव्हां अनुमानास प्रत्यक्षाची जोड मिळाली.

या ज्ञानाची कसोटी २५ नोव्हेंबर १८८४ रोजीं लागली. पंचवीस वर्षांच्या एका स्कॉटिश शेतकऱ्यास डाव्या बाजूच्या मुखापासून सुरू होणारे झटके येत, पुढें डावा हात दुर्बळ झाला. डॉ. बेनेट यांनीं या लक्षणांवरूनच उजव्या मेंदूंत, चलनाचें नियमन करणाऱ्या पट्ट्यांत, अर्बुद असावें असा निर्णय केला. त्या काळीं मेंदूचें चित्र घेण्याचें कोणतेंही साधन नव्हतें; क्ष-किरणांचाच शोध अद्याप अकरा वर्षें पुढें होता. शल्यवैद्य गॉडली यांनीं सांगितल्या जागीं कवटी उघडली, व अक्रोडायेवढें अर्बुद तेथेंच मिळालें. रोगी सुमारें चार आठवड्यांनीं जखमेच्या संसर्गानें दगावला. शस्त्रकर्मानें तो वांचला नाहीं. पण झटक्याचा आरंभ हा मेंदूंतील जागेचा पत्ता सांगतो, हें त्याच्या दुखण्यानें सिद्ध झालें.

५. अर्बुदाचें स्थान व झटक्याचा संभव

अर्बुद हा शब्द सुश्रुताचा. गोल, स्थिर, मंद वेदनेचें, खोल मूळ असलेलें, सावकाश वाढणारें व न पिकणारें, असें त्याचें वर्णन निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायांत आहे. सुश्रुतानें अपस्माराशीं त्याचा संबंध जोडलेला नाहीं. तो संबंध आज पुढीलप्रमाणें समजला आहे.

मेंदूच्या वरच्या बाजूस करड्या द्रव्याचा जो पातळ थर असतो, त्यास मेंदूची साल म्हणूं. झटका हा या सालींतील पेशींनीं एकाच वेळीं केलेला विद्युत्क्षोभ होय. त्यामुळें अर्बुद सालींत किंवा सालीस लागून असेल तर झटक्याचा संभव अधिक. खोल गाभ्यांत अथवा मस्तकाच्या तळाशीं असेल तर कमी. आणि लहान मेंदूंत किंवा मेंदूच्या देठांत असेल तर झटका क्वचितच येतो. तेथील अर्बुद तोल जाणें, ओकाऱ्या, दृष्टि दुहेरी होणें अशा दुसऱ्या लक्षणांनीं प्रगट होतें. सालींतही सर्व जागा सारख्या नाहींत. कपाळामागील खंड, कानशिलामागील शंखखंड, त्या दोहोंच्या मध्यें दडलेली घडी, आणि चलन व स्पर्श यांचे मधले पट्टे हे विशेष क्षोभशील. डोक्याच्या मागील दृष्टीचा खंड त्या मानानें कमी.

जागेप्रमाणें झटक्याचें रूप पालटतें. चलनाच्या पट्ट्यांतील झटका हाताच्या किंवा मुखाच्या फडफडण्यानें सुरू होतो. स्पर्शाच्या पट्ट्यांतील मुंग्यांनीं. दृष्टीच्या खंडांतील प्रकाशाच्या ठिपक्यांनीं. शंखखंडांतील झटका सर्वांत फसवा. रोग्यास पोटांतून कांहींतरी वर चढल्यासारखें वाटतें, नसलेला वास येतो, अकस्मात् भय वाटतें, किंवा हा प्रसंग पूर्वीं घडला आहे असा भास होतो; मग तो टक लावून पाहतो, ओठ चावतो, आणि मिनिटा-दोन मिनिटांनीं सावध होतो. अंग न आंखडल्यामुळें घरचे त्यास फेफरें म्हणत नाहींत. बाहेरची बाधा म्हणतात. संहिताकारांनीं अपस्माराचा अध्याय ग्रहबाधेच्या शेजारीं कां ठेविला असेल, याचा अर्थ लावतांना हें लक्षणसाम्य विचारांत घ्यावें.

स्थानाखालोखाल अर्बुदाच्या गतीचें महत्त्व, आणि येथें सामान्य समजुतीस उलटी गोष्ट आढळते. जें अर्बुद मंद गतीनें वाढतें तें अधिक झटके देतें. मेंदूच्या आधारपेशींपासून होणाऱ्या मंदगति अर्बुदांत शेंकडा सुमारें ६० ते ८५ रोग्यांस झटके येतात. त्याच जातीच्या अति घातक, झपाट्यानें वाढणाऱ्या अर्बुदांत शेंकडा सुमारें ३० ते ५०. मेंदूच्या आवरणाच्या अर्बुदांत सुमारें ३०. व इतर अवयवांतून मेंदूंत पसरलेल्या कर्करोगांत सुमारें २० ते ३५. याचें एक कारण असें कीं अर्बुद स्वतः बहुधा क्षोभ करीत नाहीं; त्याच्या भोंवतालची जिवंत साल करिते. सावकाश वाढणारें अर्बुद त्या सालीस वर्षानुवर्षें डिवचीत राहतें, तिचा रासायनिक तोल बिघडवितें, आणि क्षोभ आवरणाऱ्या पेशींचें बळ हळूहळू घटवितें. सुश्रुतानें अर्बुदाच्या लक्षणांत दिलेली मंद वाढ या प्रकरणीं अशी अर्थपूर्ण ठरते.

या ज्ञानाचा व्यवहारांत उपयोग काय ? पहिला हा कीं प्रौढ मनुष्यास प्रथमच झटका आला तर त्याच्या मस्तकाचें चित्र अवश्य काढावें. कारण पुष्कळ अर्बुदरोग्यांत झटका हेंच पहिलें चिन्ह असतें. दुसरा हा कीं ज्यास अर्बुद आहे पण झटका कधींच आलेला नाहीं, त्यास केवळ धास्तीनें झटक्याचें औषध नेहमीचें लावूं नये, असें वैद्यमंडळांचें मत २००० सालापासून प्रसिद्ध आहे व पुढील परीक्षणांत तें कायम राहिलें आहे. तिसरा हा कीं मंदगति अर्बुद सुरक्षितपणें पुरतें काढतां आलें तर बऱ्याच जणांचे झटके थांबतात. म्हणून स्थान जाणणें हें उपचाराचेंही मूळ आहे.

६. स्थान व कुळ

हिंदुस्थानांत या शस्त्रकर्माचा नियमित आरंभ स्वातंत्र्यानंतर झाला. माँट्रियल येथें पेनफील्ड यांच्यापाशीं शिकलेले डॉ. जेकब चांडी यांनीं १९४९ सालीं वेल्लोर येथें मज्जाशल्याचा विभाग काढला. मुंबईंत त्याच सुमारास डॉ. राम गिंडे यांनीं या कामाचा पाया घातला; १९५१ सालीं हिंदी मज्जाविज्ञान संस्था मद्रासेस स्थापन झाली. १९७१ सालीं लंडन येथें संगणकीय क्ष-किरणचित्रानें पहिल्या रोग्याचें मस्तक न उघडतां आंतून पाहिलें गेलें, आणि बेनेट यांनीं जें लक्षणांवरून ताडलें तें डोळ्यांस दिसूं लागलें. आमच्या नगरींत १९५६ सालीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघालें. त्याचें रुग्णालय मराठवाड्यांत घाटी या नांवानें प्रसिद्ध आहे.

मुंबईच्या पारशी समाजाची घरोघर फिरून केलेली पाहणी १९८८ सालीं प्रसिद्ध झाली. तींत चौदा हजारांवर माणसांमध्यें अपस्माराचें प्रमाण हजारीं सुमारें पांच आढळलें. या सर्वांस अर्बुद असतें असें कोणी समजूं नये. अपस्मारी रोग्यांत अर्बुदाचे शेंकडा थोडेच असतात. आपल्या देशांत मेंदूंतील पट्टकृमीच्या गांठी, क्षयाच्या गांठी, डोक्यास झालेली इजा व जन्मकाळींची दुखापत हीं कारणें फार आढळतात. कांहीं अपस्मार आनुवंशिकही असतात. परंतु वरील यादी पाहिली असतां स्पष्ट होतें कीं अर्बुद, कृमि, क्षय व इजा यांपैकीं कशाचाही संबंध सामान्यतः कुळाशीं नाहीं. रोग एका मनुष्याच्या मस्तकांतील एका जागीं आहे. जागा दाखवितां आली कीं त्याच्या बहिणीच्या सोयरिकीस बाधा आणणारा आधार उरत नाहीं. मनूनें कुळ टाळण्यास सांगितलें तेव्हां रोगाची जागा कोणासच दाखवितां येत नव्हती. आज ती दाखवितां येत असून जो तें वचन पुढें करितो, तो परंपरेचें नव्हे, अज्ञानाचें रक्षण करितो.

७. संग्राहकांस विनंती

आतां या मासल्याच्या विषयांत इतिहाससंशोधकाचें काम कोणतें, हें सांगून लेख पुरा करितों. अजिंठ्याचे लेख वाचणारे डॉ. भाऊ दाजी लाड हे ग्रँट मेडिकल कॉलेजांतून १८५१ सालीं बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांपैकीं होते. वैद्यक व संशोधन यांचा मेळ आपल्याकडे नवा नाहीं. तरीही दप्तरें निवडतांना सनदा व पत्रें यांकडे हात आधीं जातो, आणि वैद्यकाचीं बाडें रद्दींत पडतात.

ज्यांच्या संग्रहीं अशीं बाडें असतील त्यांनीं तीं टाकूं नयेत. त्यांत फेफरें, घुरें, मिरगी, अपस्मार यांपैकीं कोणताही शब्द आला असेल तर औषधाच्या पाठाबरोबर रोग्याचें वय, झटक्याचा आरंभ कोणत्या अवयवापासून झाला, त्यास काय दिसलें व काय ऐकूं आलें, हा मजकूर अक्षरशः उतरून घ्यावा; मोडींतील असल्यास मूळ ओळ जशीच्या तशी ठेवावी. कुंडल्यांच्या व सोयरिकींच्या कागदांत या रोगावरून संबंध मोडल्याची नोंद असेल तर नांवें गाळून, शक व गांव यांसह तीही टिपावी. भेळाचें मत एका खंडित पोथीनें राखिलें. आपल्या घरांतील एखादें किड लागलेलें बाडही एखाद्या जुन्या वैद्याची नजर कोणत्या जागीं गेली होती हें राखून असेल, आणि ज्या कुळांवर विनाकारण डाग लागला त्यांचा न्याय त्यावरून करितां येईल.